मकोबाचं व्रत

एका जंगलात विसू नावाचा साळिंदर राहत होता आणि त्याला गहू सोसत नव्हता. हसू नका. मागे बसलेल्यांनी तर मुळीच हसू नका, त्यांच्याकडे मी नंतर बघतो.

गव्हाचा एक घास पोटात गेला की विसूचं पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. मग तीन दिवस तो बिळातून बाहेर येत नसे. घुबडवैद्यांनी त्याची जीभ पाहिली, पोट दाबलं आणि सांगितलं, की गव्हात ग्लूटेन नावाचं काहीतरी चिकट असतं, ते तुझ्या आतड्यांना चालत नाही आणि जन्मभर चालणार नाही. विसूने त्या दिवसापासून गहू सोडला. पण गव्हाबरोबर पंगतही सुटली. बारसं असो, लग्न असो, पानात पोळी पडायचीच. तीन वर्षं पंगतीच्या वेळी तो बिळात एकटा बसून ज्वारीची भाकरी खात होता, आणि खरं सांगतो, त्याला फार वाईट वाटायचं.

त्यात हरिणींनी घोळ करून ठेवला होता. त्या बारीक होण्यासाठी ग्लूटेन फ्री झाल्या होत्या. सकाळी ग्लूटेन फ्री, दुपारी ग्लूटेन फ्री आणि चार वाजता चहाबरोबर दोन नानकटाया. त्यामुळे विसूने आपलं दुखणं सांगितलं की लोक त्याच्या पोटाचा घेर बघत आणि एकमेकांना डोळे मिचकावत.

अशात त्याची भाची शेवंता हिचं लग्न ठरलं. पोरीला आईबाप नव्हते, मामानेच तिला वाढवलं होतं. नवरदेवाचे वडील रंगराव हे नदीपलीकडचं बडं प्रस्थ. माणूस दिलदार, म्हणजे साळिंदर दिलदार, पण राग नाकाच्या शेंड्यावर. साखरपुड्याचं जेवण आपल्याकडून, तेही हॉटेल अस्सल मेक्सिकोत, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

"मामा, त्या दिवशी माझ्या शेजारी बसून जेव," शेवंता म्हणाली. "मला दुसरं काही नको."

विसूने हो म्हटलं. नाही कसं म्हणणार?

हॉटेल होतं उदाजी उदमांजराचं. उदाजी कधी मेक्सिकोला गेला नव्हता. तो नदीपलीकडेही गेला नव्हता. पण जंगलातलं कोणीच गेलेलं नसल्यामुळे काही अडत नव्हतं. भिंती भगभगीत पिवळ्या, दारात कुंड्यांमधून निवडुंग, आणि वाढपी माकडांना गोंदाने चिकटवलेल्या मिशा. प्रत्येक गिऱ्हाइकाला ताडाच्या पानांची एक भली मोठी टोपी मिळायची. विसू दाराशी जरा टेकला, तर एका अस्वलाने निवडुंग समजून आपली टोपी त्याच्या काट्यांवर अडकवली. विसूने ती तशीच राहू दिली. सोयऱ्यांच्या समोर कुठे तमाशा करायचा?

शिवाय तो खुशीत होता. मेक्सिकोत मक्याची भाकरी खातात आणि तिला टॉर्टिया म्हणतात, असं त्याने ऐकलं होतं. मका म्हणजे काळजी नाही. तरी खात्री असावी म्हणून त्याने वाढप्याला हळूच ग्लूटेनचं विचारलं. माकडाने कानामागची पेन्सिल काढली.

"कसं देऊ? कमी, मध्यम की झणझणीत?"

विसू उठला आणि थेट स्वयंपाकघरात डोकावला. उदाजी मक्याच्या पिठात ओंजळ ओंजळ कणीक मिसळत होता. नुसत्या मक्याची भाकरी थापताना कडेला फाटते, त्याला इलाज नाही, असं तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला.

विसू परत येऊन बसतो न बसतो तोच रंगरावांनी स्वतःच्या हाताने एक टॉर्टिया त्याच्या पानात वाढला. विसूने हात जोडून आजार सांगितला. रंगराव हसले. आमच्या शेजारच्या हरिणीलाही तेच आहे, चार वाजता बरं वाटतं तिला, असं म्हणाले. विसूने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मात्र रंगराव हसले नाहीत.

"एका घासानं काय होतंय? आमचं अन्नच चालत नसेल, तर मामासाहेब, पुढची बोलणी तरी कशाला?"

शेवंताचं तोंड एवढंसं झालं. विसूने टॉर्टियाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे शोभेसाठी मक्याचं एक मोठं कणीस टांगलं होतं. त्यालाही मिशा रंगवलेल्या होत्या.

"माझं व्रत आहे," विसू म्हणाला. "मकोबाचं. आजपासून अकरा शुक्रवार गव्हाला शिवायचं नाही."

रंगरावांनी टॉर्टिया चटकन उचलला आणि कानाच्या पाळ्यांना हात लावला. उदाजीने तवा राखेने घासला, माकडांना नदीवर आंघोळीला पिटाळलं आणि नवा मका वेगळ्या जात्यावर दळून घेतला. कणकेचा डबा तर त्याने हॉटेलच्या बाहेर नेऊन ठेवला. घुबडवैद्यांना जे तीन वर्षांत जमलं नाही, ते कणसाने एका घटकेत करून दाखवलं. भाकऱ्या कडेला फाटल्या, पण कोणाची काही तक्रार नव्हती. विसूने राजम्याबरोबर सात खाल्ल्या. शेवंताच्या शेजारी बसून खाल्ल्या. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीमुळे, असं त्याने सांगितलं.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण पुढल्या शुक्रवारी उदाजीने त्या कणसाला हार घातला. त्याच्या पुढल्या शुक्रवारी हरिणींनी ग्लूटेन फ्री सोडून मकोबा धरला. मग दारापासून वडापर्यंत रांग लागायला लागली. विसूला काय, दर शुक्रवारी बिनघोर जेवण मिळत होतं. तो गप्प बसला. तुम्ही तरी काय केलं असतंत?

अकरावा शुक्रवार आला. रंगरावांनी शेवंताचं लग्न नेमकं त्याच दिवशी, त्याच हॉटेलात धरलं होतं. सकाळी व्रताचं उद्यापन, मग लग्न. पहिला भक्त म्हणून पहिला प्रसाद विसूचा. उदाजीने वाटी पुढे केली. वाटीत शिरा होता. रव्याचा, तुपाने थबथबलेला.

विसू म्हणाला, अरे, रवा म्हणजे गहू. उदाजीने त्याची समजूत काढली.

"म्हणूनच तर. गव्हाचा उपवास गव्हानंच सोडायचा असतो."

तेव्हा विसूने घाबरून सगळं खरं सांगून टाकलं. व्रत नाही, मकोबा नाही, नुसता आजार आहे. हरिणी ओरडल्या, की मामांची भक्ती बघा, किती विनय आहे. रंगरावांनी बाह्या सरसावल्या. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, असं म्हणत ते चमचा घेऊन पुढे आले.

विसू पळाला. दाराशी एक कुंडी रिकामी होती. तो तिच्यात चढला, काटे उभारले आणि श्वास रोखून उभा राहिला. लगेच कोणीतरी त्याच्यावर टोपी अडकवली.

मामा सापडेनात. शेवटी उदाजीने जाहीर केलं, की मामा मकोबाशी एकरूप झाले. सगळ्यांनी नमस्कार केला आणि त्यांच्या नावाने शिरा दोनदा घेतला. पण मुहूर्त जवळ आला होता आणि नवरीच्या पाठीशी मामा तर उभा राहायलाच हवा. शेवंताने दाराकडे पाहिलं. एक निवडुंग थरथरत होतं.

"ते एवढं माझ्या मागे आणून ठेवा," ती म्हणाली. "मामाच्या हातचं आहे."

माकडांनी कुंडी धापा टाकत आणून ठेवली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. निवडुंगाला पाणी सुटलं, तेव्हा माकडांनी सकाळी घातलेलं असेल असं लोक म्हणाले. पंगतीतही शेवंताने कुंडी आपल्या शेजारीच ठेवून घेतली. रंगराव चमचा घेऊन सगळ्यांना आग्रह करत फिरले, पण निवडुंगापाशी थांबले नाहीत. कोणाचं लक्ष नाही असं पाहून शेवंता भाजलेल्या कणसाचे दाणे टोपीखाली सारत होती, आणि मामा भाचीच्या शेजारी बसून पोटभर जेवत होता.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त पानावर बसल्यावर बोलू नये. लोकांना ते पटत नाही, आणि शिरा निवून जातो.