आधारप्राणी, रांग चौथी

हेडक्लार्कच्या आईचे वय पंच्याहत्तर असून त्या दिवसापर्यंत तिने विमान फक्त मान वर करून पाहिले होते. तिची धाकटी बहीण दूरच्या शहरात इस्पितळात होती आणि "ताईला एकदा बघायचंय" एवढेच म्हणत होती. आगगाडीला दोन दिवस लागतात. डॉक्टर एका दिवसाचीही हमी देत नव्हते. आई विमानाला तयार झाली, पण मुलाने शेजारी बसून हात धरला पाहिजे, या अटीवर. संगणकाने आईला चौथी रांग दिली आणि मुलाला एकतिसावी.

"नातेवाइकांना जागा बदलून मिळत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "त्यांच्या शेजारची रिकामी आहे, पण ती आधारप्राण्यासाठी राखीव आहे."

"आता हे काय?" आईने विचारले.

"मानसिक आधार देणारा प्राणी, आजी. कुत्रा, मांजर. परवा एकांचं बदक होतं."

"मला आधार ह्याचाच आहे की!"

"मुलगा यादीत नाही."

दुसऱ्या कुणी आकाशपाताळ एक केले असते. पण हेडक्लार्कने स्वतःच्या कचेरीत सव्वीस वर्षे लोकांना नियमावर बोट ठेवून परत पाठवले होते. छापील नियम दिसला की त्याला हायसे वाटे. त्याने चष्मा लावून यादी शेवटपर्यंत वाचली. शेवटी लिहिले होते, 'व इतर सस्तन प्राणी'.

"आई," तो हर्षाने म्हणाला, "मी बसतोय ह्यात!"

आधारप्राण्याचा दाखला देणारे गुरांचे डॉक्टर सामानाच्या खोलीलगत बसत. त्यांनी मान वर न करता फॉर्म ओढला.

"चावतो का?"

"नाही हो," आई म्हणाली. "लहानपणी एकदा आत्याला चावला होता, पण तिचीच चूक होती."

"ओरडतो?"

"घरात. तेही हळू."

"अनोळखी माणसाने दरडावलं तर?"

"सही करतो."

डॉक्टरांनी आता मान वर केली. सकाळीच त्यांनी एका खानदानी कुत्र्याला नापास केले होते. त्यांनी हेडक्लार्कचे दात पाहिले आणि लिहिले: 'स्वभाव गरीब. बसवले तिथे बसतो.' मजकूर खरा असल्याबद्दल खाली हेडक्लार्कने सही केली.

विमानात हवाई सेविकेने दाखला वाचला आणि मालकिणीच्या पायाशी बोट दाखवले. प्राण्याने जमिनीवर बसायचे होते. हेडक्लार्कने नियम क्रमांक सात काढून पाहिला. बाईंचे बरोबर होते. तो गुडघे पोटाशी घेऊन खाली बसला. इतकी काटेकोर अंमलबजावणी त्याच्या कचेरीतही होत नव्हती, हे त्याला मनोमन आवडले. वरची राखीव जागा रिकामी राहिली.

विमान उडाले आणि गदगदा हलू लागले. आईला पट्ट्यामुळे वाकता येईना.

"अरे, वर ये. हात दे मला."

"प्राण्याला उठवू नका, आजी."

"अहो, पोटचा मुलगा आहे माझा तो!"

"सगळे असंच म्हणतात हो," सेविका प्रेमाने म्हणाली आणि तिने त्याच्यासाठी वाडग्यात पाणी आणून ठेवले.

आई रडू लागली. बहिणीपर्यंत आपण पोचतच नाही, असे तिला वाटू लागले होते. "तू तरी बोल की रे! माणूस आहेस ना तू?"

हेडक्लार्कला गलबलून आले. आईला असे रडताना त्याने वडील गेल्यानंतर पाहिले नव्हते. 'हो' एवढेच म्हणायचे होते. पण दाखल्यावर शिक्का होता आणि खाली त्याची स्वतःची सही होती. उत्तर द्यायला परवानगी आहे का, म्हणून त्याने आधी सेविकेकडे पाहिले. तिने मान हलवली. नाही.

त्या विमानात आणखी एकशे बासष्ट प्रवासी होते आणि कागदोपत्री ती सगळी माणसे होती. त्यांतले कुणी उठून "अहो, बसू द्या त्याला वर" असे म्हणाले का, हे इथे सांगण्याची गरज नाही. पाचव्या रांगेत तुम्हीच होतात.