लाल डोक्याचा तो फौजदार

रंग ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. चोवीस वर्षं रंगाच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. गिऱ्हाईक भिंतीचा नखाएवढा पोपडा घेऊन येतं आणि मी शेडकार्ड न उघडता डबा काढून देतो. पांढऱ्यात अकरा पांढरे असतात हे बायकोला लग्नानंतर कळलं, आणि तेव्हापासून ती मला पडदे घ्यायला बरोबर नेत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आमच्या परसात टर्की आहेत. पाच माद्या, दोन नर. दोन्ही नर दिसायला सारखेच, पण एक आडदांड. पाणी भरायला गेलं की पिसारा फुलवून अंगावर यायचा. त्याला आम्ही फौजदार म्हणायचो. दुसरा सासूबाईंचा.

सासूबाई आमच्याकडेच असतात. निवृत्त मुख्याध्यापिका. रोज सकाळी चहा झाला की वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात, पहिल्या पानापासून हवामानापर्यंत. घरात ऐकायला वेळ कोणाला? बायको मिक्सर लावायची, मी आंघोळीला पळायचो. शेवटी त्या परसात खुर्ची टाकून वाचू लागल्या, आणि दुसरा नर जाळीशी येऊन उभा राहिला. त्यांचं एक वाक्य झालं की हा मान वर करून गडगड आवाजात दाद द्यायचा. त्यांनी त्याचं नाव श्रोता ठेवलं. "इतक्या वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नाही," असं म्हणताना त्या माझ्याकडे बघायच्या.

मग दोघे नर वयात आले आणि त्यांची जुंपली. रोज पिसं उडायची, रोज रक्त निघायचं. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "पाच माद्यांत एकच नर ठेवा. नाहीतर एक दुसऱ्याचा जीव घेईल." घरात पहिल्यांदाच एकमत झालं. फौजदार जाणार, श्रोता राहणार. डॉक्टरांच्या ओळखीचा एक पोल्ट्रीवाला न्यायला तयार झाला.

तो टेम्पो घेऊन आला तेव्हा सासूबाई शेजारणीबरोबर डोळे तपासायला गेल्या होत्या.

"आई तासाभरात येईल," बायको म्हणाली. "तिला दोघे नीट ओळखता येतात. थांबू या का?"

"तुझ्या आईचे डोळे दवाखान्यात आहेत, माझे इथेच आहेत," मी म्हणालो. "लाल डोक्याचा तो फौजदार, निळ्या डोक्याचा श्रोता. रोज बघतो मी."

दोघांची नुकतीच झटापट झाली होती. एक जण कोपऱ्यात धापा टाकत होता, डोकं लालबुंद. दुसरा मधोमध पिसारा फुलवून उभा, डोकं आकाशी, त्यात थोडं पांढरं. मला तर शेडचा नंबरही आठवला. मी लाल डोकं बखोटीला मारलं आणि खोक्यात घातलं. त्यानं काही विरोध केला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सासूबाई आल्या, खुर्चीत बसल्या, पहिली बातमी वाचली. आकाशी डोकं धावत आलं आणि जाळीतून चोच घालून अग्रलेख फाडून घेऊन गेलं.

त्या वाकल्या. त्याच्या पायांकडे बघत राहिल्या.

"जावईबापू, श्रोत्याच्या डाव्या पायाचं मधलं बोट वाकडं आहे. हा कोण?"

मी डॉक्टरांना फोन केला. ते हसले. "अहो, टर्कीच्या डोक्याचा रंग मिजाशीवर असतो. चिडला की लाल, ऐटीत आला की निळा. घटकेत बदलतो."

दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारून मी सासूबाईंना पोल्ट्रीवर घेऊन गेलो. आवारात चाळीसएक नर होते, सगळे आमच्या नरांसारखेच. घोट्यापर्यंत चिखल, बोटं कोणाची दिसणार?

"वाचून बघा," मी म्हणालो.

त्यांनी वर्तमानपत्र उघडलं, चष्मा पुसला आणि हवामानाचा अंदाज वाचला. चाळीसही जणांनी एकदम माना वर केल्या आणि गडगडाट केला. मोठा आवाज झाला की नर ओरडतोच, पोल्ट्रीवाल्यानं सांगितलं. कशालाही ओरडतो. ट्रकच्या हॉर्नलासुद्धा.

सासूबाईंनी पेपराची घडी घातली. "चला," म्हणाल्या. गाडीत त्या काही बोलल्या नाहीत. मला पहिल्यांदाच वाटलं, त्यांनी बोलावं.

फौजदार अजून आमच्याकडेच आहे. खुर्ची मात्र परसातून आत आली. आता मीच समोर बसतो. आंघोळ नंतर, दुकान त्याहून नंतर. काल पहिली बातमी चालू असताना मी अगदी मनापासून म्हणालो, "हो का? अरेरे."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तो वाक्य संपेपर्यंत थांबायचा," त्या म्हणाल्या.