बापूंची मोजणी

बापू मोरे कुठेही पोचले की आधी वारा कुठून येतो ते बघतात आणि मग माणसं मोजतात. लग्नात अक्षता हातात धरून मोजतात, मयतालाही मोजतात. आमच्या गल्लीत कुणाकडे किती पाहुणे उतरलेत, हे यजमानाआधी बापूंना ठाऊक! महाडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी तीस वर्षं काढली. रसायनांच्या कारखान्यात वायू सुटल्याचा भोंगा झाला की वारा बघून सगळ्यांना मोकळ्यावर जमवायचं, मोजायचं आणि "सगळे आले" असं साहेबाला सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, पण भोंगा काही डोक्यातून गेला नाही.

गेल्या वर्षी गल्लीतली आम्ही बावीस माणसं सिंगापूरहून क्रूझवर गेलो. काय सांगू तुम्हाला, मी शाळामास्तर, जन्मभर समुद्र नकाशावर दाखवलेला! जहाज एका दिवसासाठी लंकावी बेटाला लागलं आणि आम्ही पोरांसारखे धक्काबुक्की करत होडीत घुसलो.

"बावीस," बापू म्हणाले. "सोडा होडी!"

गाईडला मराठीचा गंध नव्हता, तरी त्यानं होडी सोडली.

खारफुटीत शिरलो आणि काय ती मजा! डोक्यावर घारी, फांद्यांवर माकडं, काठावर घोरपडीचं हे एवढं धूड. आम्ही ओरडत होतो, फोटो काढत होतो. बापू मात्र डोळे मिटून, नाक वर करून बसलेले.

"अहो बापू, बघा तरी!"

"बघतोय की, मास्तर. चिखलाला आपल्या सावित्रीच्या खाडीचा वास हाय. जरा खारट जास्त."

वटवाघळांच्या गुहेत तर त्यांनी कहर केला. खडक चाचपला, हुंगला, टाळी वाजवून कान दिला. "यांना ऊन लागलंय," आमची ही म्हणाली.

जहाज पाचला सुटणार, कुणासाठी थांबणार नाही, हे गाईडनं दहादा बजावलं होतं. होडी परत निघाली आणि थोड्या वेळानं मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटू लागलं. "बावीस, सोडा होडी" ऐकूच आलं नव्हतं. मोजणाराच मागे राहिला होता!

होडी वळवली. मी गुहेत धावलो. बापू डोळे मिटून, भिंतीला हात लावून पावलं मोजत होते. मी चांगलाच तडकलो.

"जहाज गेलं असतं म्हणजे?"

"सतराच पावलं रायलीत, मास्तर. शंकऱ्या इचारील ना."

जहाज आम्ही अक्षरशः धावत गाठलं.

परत आल्यावर बापू मला बिरवाडीला शंकरकडे घेऊन गेले. शंकर त्यांचा कारखान्यातला सोबती. वाटेत बापूंनी मोटारसायकल थांबवली आणि सांगितलं. एकदा भोंगा झाला तेव्हा त्यांनी घाईत मोजलं, "सगळे आले" म्हणाले, आणि शंकर आतच राहिला. जीव वाचला, डोळे गेले. गुहेत मी बापूंवर ओरडलो होतो, त्याची मला फार लाज वाटली.

तासभर बापूंनी शंकरला बेट दाखवलं. चिखलाचा वास, खडकाचा ओला गारवा, गुहेची सगळी पावलं. शंकर खुर्चीच्या कडेला सरकून ऐकत होता. "मग रे? मग?"

शेवटी त्यानं विचारलं, "माणसं मोजलीस ना? किती होता तुमी?"

"बावीस."

"नीट मोज," शंकर हसला. "आता गुहेत मी नव्हतो काय?"

बापूंनी त्याचा हात हातात घेतला.

"तेवीस," ते म्हणाले. "सगळे आले."