अकरा सेकंदांची हाळी आणि त्रेसष्ट शुभेच्छुक

कोणतीही कलाकृती अजरामर व्हायची असेल, तर तिच्या पाठीशी आधी एक समिती उभी राहावी लागते. प्रतिभा वगैरे मागाहून येते, आणि वेळेवर आलीच तर तिलाही बसायला खुर्ची मिळते. (प्लास्टिकची. सोफा मान्यवरांसाठी असतो.)

दिंद्रुडच्या शिवकन्याला हे ठाऊक नव्हतं. तिचं वय बावीस, घरची मेंढरं एकशे दहा, आणि गळा असा की माळाच्या या टोकाला हाळी दिली की त्या टोकाचं मेंढरू चरता चरता थबकून मागं वळायचं. पण वळायची ती मेंढरंच. घरात ती काही बोलली तर भावाची मान मोबाईलमधून उठत नसे. तिच्याच लग्नाची बोलणी चालली असताना ती म्हणाली, "मला बी इचारा की," तेव्हा पाहुणे शांतपणे चहा पीत राहिले. आपल्या आवाजाला एकदा तरी माणसांनी वळून बघावं, एवढीच तिची इच्छा होती.

बसस्थानकासमोर मकसूदचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. पुण्यात तीन वर्षं काम करताना त्याच्या कानावर हार्ड रॉक पडलं आणि येताना तो एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. बंद पडलेल्या डीजेचे स्पीकर जोडून त्याने असा ॲम्प्लिफायर बनवला होता, की तो चालू झाला की शेजारच्या हॉटेलातल्या बश्या आपोआप पुढे सरकत. एके दिवशी मेंढरं रस्त्याला लागली, शिवकन्याने हाळी दिली, आणि मकसूदच्या हातातला पाना गळून पडला. (तो तेव्हा गाडीखाली होता, नाहीतर वळला असता.)

"अगं, ह्या हाळीवर गाणं बसतंय, लई जबरदस्त!" तो रांगत बाहेर येऊन म्हणाला. "आधी मी गिटार कुटतो, मग हरिबा हलगी कुटतो, मग समदं एकदम गप. आन मग तू. अकरा सेकंद."

"आन लोक वळून बघतील?"

"लोक काय, इजेची डीपी बी वळून बघंल."

गाण्याला मंच हवा होता. बाजारतळावरच्या नव्या शेडचं उद्घाटन जवळ आलं होतं, पण मंच होता गहिनीनाथ नानांच्या ताब्यात. नाना हे 'गीत निर्मिती, सत्कार व समन्वय समिती'चे अध्यक्ष. (मंचाची मागणी येताच समिती दहा मिनिटांत स्थापन झाली. विकास म्हणतात तो हाच.) गावाचा एक उदात्त दंडक आहे: शुभेच्छुकांशिवाय काहीही घडत नाही. गेल्या पोळ्याला नानांच्या बैलाचा वाढदिवस झाला, तर फ्लेक्सवर एक्केचाळीस शुभेच्छुक होते. बैलही होता, खाली डाव्या कोपऱ्यात.

साहजिकच गाण्यालाही शुभेच्छुक लागले. त्रेसष्ट. फ्लेक्सवर फोटो लावता येतो, गाण्यात लावता येत नाही, म्हणून नावं गाण्यातच घ्यायचं ठरलं. मग आधी कोणाचं, यावर तीन बैठका झाल्या. ज्येष्ठतेनुसार घ्यावं तर कोणी वय सांगेना, अकारविल्हे घ्यावं तर ज्ञानोबा रागावून उठले. अखेर नानांनी तोडगा काढला: ज्याने त्याने आपलं नाव स्वतः, एकाच वेळी, पूर्ण ताकदीने घ्यायचं.

पहिल्या तालमीला मकसूदच्या डोळ्यांत पाणी आलं. एकही शब्द कळत नव्हता, कान दुखत होते, प्रत्येकजण संतापलेला होता आणि कशावर ते कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणजे हार्ड रॉकची सर्व लक्षणं समितीने, एकदाही हार्ड रॉक न ऐकता, पूर्ण केली होती.

अडचण एवढीच, की नावासोबत पदही आलं. (त्रेसष्टपैकी एकोणतीस जण 'भावी' होते.) गाणं लांबलं, तशी शिवकन्याची हाळी अकरा सेकंदांवरून सातवर आली, सातवरून तीनवर, आणि ठराव क्रमांक नऊ अन्वये 'सदर हाळी आभारप्रदर्शनात विलीन करण्यात' आली.

शिवकन्या तडक नानांकडे गेली. "नाना, सोमवारी आमी मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघतोय. माझी हाळी कावून काढली?"

"काढली न्हाई पोरी. आभारात हाय की. आभार लई महत्त्वाचे असत्यात."

आभाराला गावात आजवर कोणी थांबलेलं नाही, स्वतः नानाही नाहीत. शिवकन्या घरी येऊन मेंढरांभोवतीच्या जाळीच्या वाघराजवळ बसली आणि संतापाने रडली. तिच्या आवाजाला बाजूला सारायला माणसांना आता ठरावही सापडला होता.

उद्घाटन बाजाराच्या दिवशी, दुपारी चारला. पाऊण तास सत्कार झाले. मग त्रेसष्ट शुभेच्छुक मंचावर चढून सोफ्यांवर बसले, त्यामुळे खाली ऐकायला उरल्या शिवकन्याची आई ताराबाई, दोन भाजीवाल्या आणि पलीकडे विक्रीला आलेली मेंढरं. मकसूदने गिटार कुटली. हरिबाने हलगी कुटली. त्रेसष्ट नावं पदांसकट एकदम सुटली, मकसूदने बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि डीपीने एकदा निळा उजेड दाखवून सेवा समाप्त केली.

सगळं एकदम गप. आपलं नाव ऐकू गेलं का, हे बघायला त्रेसष्ट जण थांबले होते.

"आता," मकसूद म्हणाला.

मंचाच्या मागच्या कोपऱ्यात उभ्या शिवकन्याने आभाराची वाट पाहिली नाही. तिने माईकशिवाय हाळी दिली, पूर्ण अकरा सेकंद. बाजारातली तीनशे चाळीस मेंढरं वळली (पंचनाम्यातील आकडा, विकली गेलेलीही यात धरली आहेत), दोऱ्या तोडून निघाली आणि थेट मंचावर चढली. भाजीवाल्या वळल्या. तेलगावची बस थांबली आणि खिडक्याखिडक्यांतून मुंडकी वळली. त्रेसष्ट शुभेच्छुक वळले, तेही सोफ्यांवरून. माणसं वळलेली बघून शिवकन्याला इतका आनंद झाला, की तिने पुन्हा अकरा सेकंद दिले. (विनामंजुरी.)

तो व्हिडिओ चार जिल्ह्यांत फिरला. समितीने तातडीची बैठक घेऊन गाणं 'अभिजात' घोषित केलं आणि मेंढरं समितीच्याच मार्गदर्शनाखाली आली, अशी नोंद केली. व्हिडिओवर आता त्रेसष्ट फोटो आहेत. शिवकन्याचा चेहरा बरोबर नानांच्या फोटोमागे आला आहे.

मकसूदने गोदाकाठी फोन करून विचारलं, "तुझं बी नाव टाकायला लावू का?"

"नगं," ती म्हणाली. "ज्याची हाळी कुणी ऐकत न्हाई, त्यानं फोटो लावावा."

फोटोंच्या रांगेत चौसष्टावा चौकोन मात्र अजून रिकामा आहे. तो समितीने वाचकांसाठी राखून ठेवला आहे. तुम्ही आत्ता हसलात, त्याबद्दल समिती आभारी आहे. पण हसता हसता कोणता फोटो पाठवायचा, हेही तुमचं ठरून गेलं. तो गॉगलवालाच ना?