मामांच्या साक्षीत आलेला गिझर

गिझरची कॉइल आपणच बदलायची असं मी शनिवारी ठरवलं. त्यामागे विज्ञानाची आवड नव्हती, माझे सासरे होते.

बन्सीमामा पुणतांब्याहून श्रीरामपूरला आमच्याकडे मुक्कामाला आले होते. ते दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून साक्ष देतात, म्हणजे आठवडाभरात देवानं आपल्यासाठी काय काय केलं ते सगळ्या मंडळीला सांगतात. त्यात नातवंडं येतात, गुडघे येतात, मागे एकदा म्हैसही आली. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी अजून आलेलो नाही. (मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरीसुद्धा.)

"अजिनाथला बोलवा," बायको म्हणाली. "पप्पांना उद्या उपासनेआधी अंघोळीला कढत पाणी लागेल."

अजिनाथ आमच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन आणि माझा जुना विद्यार्थी. त्याला मी नववीत विज्ञानात नापास केलं होतं, त्यामुळे त्याच्या दारी जाणं मला जरा जड जात होतं.

"रूथ, विजेचा धडा मी बावीस वर्षं शिकवतोय."

"धड्यात काही जळत नाही," ती म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

मी मेन स्विच बंद केला, पाण्याचा कॉक बंद केला, टाकी रिकामी केली. इथवर मला पैकीच्या पैकी मार्क. जुनी कॉइल निघाली ती बोअरच्या क्षारानं पांढरीफटक झालेली, खडूच्या पेटीत सहज खपली असती. नवी बसवली, वॉशर लावला, पान्यानं नट आवळले. मामा दारात खुर्ची टाकून बघत होते. त्यांची सगळी नोकरी शुगर फॅक्टरीच्या बॉयलरवर झालेली.

"गिदोनराव, त्यात पानी..."

"मामा, तुम्ही निवांत बसा. हा माझा विषय आहे."

मामा खुर्चीत मागे टेकले. जावयाला एकच गोष्ट दोनदा सांगू नये अशी त्यांच्याकडे रीत आहे. (रीत चांगली आहे, पण गिझरपुरती सवलत द्यायला हरकत नव्हती.)

मी मेन सुरू करून गिझरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. तो मी रूथला बोलावून दाखवला. ती "बरं" म्हणाली, आमच्या घरात याला कौतुक म्हणतात. तेवढ्यात टाकीतून फट् असा आवाज आला, जळका वास सुटला आणि घरभराची वीज गेली.

शेवटी अजिनाथला फोन केला. तो आला, त्यानं बंद कॉकला हात लावला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, टाकी भरली न्हवती व्हय?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"नववीला मी पेपरात हेच लिव्हलं हुतं. हीटर आदी पान्यात, मंग बटन. तुमी लाल फुली मारली. म्हनले, पुस्तकात हाय का हे?"

(पुस्तकात नव्हतंच. मी नंतर पाहिलं.)

त्यानं दुसरी कॉइल आणून अर्ध्या तासात बसवली. रविवारी मामांनी कढत पाण्यानं अंघोळ केली, कोट चढवला आणि चर्चमध्ये साक्षीला उभे राहिले.

"काल माझ्या जावयानं कोरड्या टाकीत वीज सोडली," ते म्हणाले. "तरी परमेश्वरानं घरदार राखलं, आन् अजिनाथला धाडून दिलं."

अठरा वर्षांनी एकदाचा मी साक्षीत आलो. लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. म्हशीच्या वेळी मात्र मामांनी तिचं नावही घेतलं होतं, माझं नाही.

सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. सवयीनं मीही म्हणालो. रूथचं म्हणणं, सगळ्यांत मोठ्यानं.