कोरफडीवर छत्री

आभाळात ढग नसताना एक गृहस्थ गच्चीवर कोरफडीच्या कुंडीवर छत्री धरून उभे दिसले, तर खुशाल समजावं की आज नळाला पाणी आलंय. हे आमचे मल्लिनाथअण्णा. मूळचे अक्कलकोटकडचे. कचेरीत आवक-जावक कारकून होते, आता निवृत्त. भवानी पेठेतल्या आमच्या इमारतीत एकटेच राहतात.

छत्रीमागचं कारण संतापजनक आहे. सोलापुरात नळ चार-पाच दिवसांनी येतो. आणि आला की लोक आधी काय करतात, तर साठवलेलं चांगलं पाणी ‘शिळं’ म्हणून ओतून देतात! पाणी म्हणजे काय भाकरी आहे शिळी व्हायला? यावर मी पत्रकं काढली, दारोदार वाटली. लोकांनी त्यात भजी बांधून खाल्ली. आणि शिळं पाणी ओतायचं कुठं, तर अण्णांच्या कुंड्यांत. घागरही रिकामी, वर झाड जगवल्याचं पुण्य. कोरफडीची मात्र मुळं कुजतात.

‘पाण्यासाठी झाडाचा अर्ज आलाय का?’ छत्रीखालून अण्णा विचारतात. ‘न्हाई ना? मग परस्पर मंजुरी कशी देता?’

केसांना लावायला कुणी पान मागितलं, तर ‘तो विषय आमच्या खात्यात येत न्हाई.’ मातीत निम्मा मुरूम, वर विटांचा चुरा, कुंडीला खाली भोक. यात तडजोड नाही. बुडाशी फुटलेलं पिल्लू मागितलं, तर मुलगी द्यायची असल्यासारखे आधी घर बघायला येणार. ऊन कुठल्या खिडकीत येतं, घरात पाणी ओतायला सैल हात कुणाचा. खालच्या पद्माक्कांना तर त्यांनी दोनदा नापास केलंय.

मग इमारतीला सामाईक टाकी हवी, हा प्रश्न मीच उचलला. सह्या गोळा केल्या. टाकीला जागा एकच, अण्णांच्या कुंड्यांची. त्यांची अख्खी सकाळ तिथंच जायची, कपडे वाळत घालायला येणाऱ्या प्रत्येकीशी हुज्जत घालण्यात. मी भांडणाच्या तयारीनंच गेले. अण्णांनी मुकाट सही केली.

‘टाकी पाहिजेच की. पण माझ्या खोलीत ऊन न्हाई. ह्यांच्या बदल्या कराव्या लागतील.’

रविवारी बदल्या झाल्या. प्रत्येक घरी एक कुंडी. एक माझ्या खिडकीत आली. नाइलाजानं पद्माक्काही पास झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू. रोज सकाळी अण्णा प्रत्येक दारात. मातीत बोट घालायचं, पान दाबून बघायचं, ‘ठीक हाय’ म्हणायचं. ‘बसा ओ अण्णा,’ पद्माक्का म्हणायच्या, ‘तुमची लेक सुखात हाय. सासू काय पाणी पाजत न्हाई तिला.’ अण्णा बसायचे, ते चहा होईपर्यंत. मग पुढच्या दारात.

मला आडपडदा जमत नाही. जिन्यात गाठून विचारलं, ‘अण्णा, कोरफडीकडं महिनाभर बघितलं नाही तरी चालतं, असं तुम्हीच सांगता. मग रोज काय तपासता?’

अण्णा कठड्याला धरून थांबले. ‘तिला काय धाड भरलीय, बाळ. पण माणसाला दुसऱ्याचं दार वाजवायला कायतरी काम लागतं की.’ मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, ‘तुझं बरोबर हाय. लोकांच्या घाईच्या वेळा असतात. बंद करतो.’

आणि खरंच बंद केलं. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पद्माक्का जिन्यात मला म्हणाल्या, ‘अण्णा रुसलेत का गं? काल चहा जास्तीचा झाला माझा.’

मी सरळ वर गेले. अण्णा दार लोटून आत बसले होते. हातात पेपर, तोही कालचाच.

‘अण्णा, माझी कोरफड मलूल दिसतेय. पाणी जास्त झालं की काय, कळत नाही. जरा बघता का?’

‘पाणी घातलंस? तू?’ ते चप्पल शोधत उठले.

खिडकीत कोरफड टणक उभी होती, पानं तलवारीसारखी. माती कोरडी ठणठणीत. अण्णांनी बोट घातलं, पान दाबलं, कुंडी फिरवून बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

‘अवघड केस हाय,’ ते म्हणाले. ‘हिला रोज बघावं लागंल.’

‘लागेलच,’ मी म्हटलं, आणि पद्माक्कांच्या कुंडीचंही तसंच झालंय, हेही सांगून टाकलं.