रंग काढलेली नावं

किशोरकाकांच्या नव्या कटिंग मशीनने सोनेरी रेडियमवर 'सृष्टी' हे नाव सुबक कापलं, पण मशीन थांबलं नाही. उलट मागे गेलं आणि आत्ताच कापलेल्या अक्षरांवरून पुन्हा पातं फिरवू लागलं.

"आता काय कापतंय ते?" गोटीरामने विचारलं.

"फिनिशिंग करत असेल," काका म्हणाले. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गोटीराम पिंपळगाव बसवंतचा. द्राक्षांचे क्रेट वाहायला त्याने नवा टेम्पो घेतला होता आणि तो नाशिक रोडला काकांच्या दुकानासमोर उभा होता. दुपारी घरी पूजा. नातीचं नाव काचेवर लागल्याशिवाय गाडी दारात आणायची नाही, असं त्याच्या आईने, कुसाबाईने, बजावलं होतं.

काकांनी रेडियमचं टोक धरून सोललं. नावाऐवजी हातात भिजवलेल्या पोह्यांसारखा चुरा आला.

"पातं बोथट असेल." काकांनी पातं बदललं. पुन्हा चुरा. मशीन विकणाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "आर्थिंग बघा." आर्थिंग ठीक होतं. पुन्हा चुरा. गोटीरामने टेम्पोसाठी आणलेलं लिंबू-मिरची गुपचूप मशीनला बांधलं.

"हे काय?"

"असू द्या. नजर लागली आसंल. मला टायमात पोचायचंय."

मिरच्या रोलरमध्ये अडकल्या. आणखी एक तुकडा वाया गेला आणि दुकानाला मिरचीचा ठसका लागला. आता सोनेरी रेडियमचा एकच तुकडा उरला. गोटीरामच्या खिशातला फोन सारखा वाजत होता आणि तो घ्यायचं धाडस त्याला होत नव्हतं.

तेवढ्यात काकांची पुतणी तृप्ती शिंकतच आत आली. ती मुलांना कॉम्प्युटरवर चित्रं काढायला शिकवायची. सगळं ऐकून ती हसली नाही, मशीनलाही हात लावला नाही. खुर्ची ओढून काकांशेजारी बसली.

"काका, जुन्या बोर्डावर नवं नाव लिहायचं तर तुम्ही काय करायचात?"

काकांचा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला होता. "खरवडत कोण बसतं? पांढरा हात मारायचा, वर नवं लिहायचं."

"आणि खालचं?"

"असतं की खालीच. दोन उन्हाळे गेले की डोकावतं."

"मग या फाइलमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव होतं, त्याचं काय केलंत?"

"त्याचा रंग काढला, कडेची रेघ काढली. झालं पांढरं. वर सृष्टी. नेहमी असंच करतो. फ्लेक्स छापताना कधी काही झालं नाही!"

"छापणारं मशीन रंग बघतं. हे कापणारं काय बघत असेल?"

काकांनी चुरा बोटांत चोळून पाहिला. मग सावकाश म्हणाले, "रेघ बघतं. रंग गेला तरी आकार जागेवरच आहे."

"आता न दिसणारं बघू या." तृप्तीने 'वायरफ्रेम' नावाच्या बटणावर बोट ठेवलं. "दाबा तुम्हीच."

काकांनी दाबलं. पडद्यावरचा सगळा रंग उडाला, नुसत्या बारीक रेघा उरल्या. आणि सृष्टीच्या पोटातून झिपरू निघाला, नाथा निघाला, सुमनबाईंची पिठाची गिरणी निघाली, कुणाचा साखरपुडा निघाला. वर्षभराची गिऱ्हाइकं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसली होती.

"आयला!" गोटीराम पुढे वाकला. "एवढी माणसं माझ्या पोरीच्या नावात बसली व्हय!"

काकांचे कान लाल झाले. आता तृप्ती बोल लावणार, या तयारीने त्यांनी मान खाली घातली. पण तृप्ती एकेका अक्षराजवळ जाऊन बघत होती.

"काका, ही अक्षरं कुठल्या फॉन्टची?"

"फॉन्ट कसला? माऊसने काढतो मी. ब्रशसारखीच."

"माऊसने? एवढी गोल वेलांटी? माझ्या मुलांना दाखवायला हवी ही. रंगाखाली कळतच नव्हतं!"

 काकांनी उगाच चष्मा पुसला.

"अवो ताई, पूजा!" गोटीराम कळवळला.

तृप्तीने सांगितलं तसं काकांनी फक्त 'सृष्टी' उचलून नव्या कोऱ्या पानावर ठेवलं, वायरफ्रेममध्ये पुन्हा एकदा बघून घेतलं आणि शेवटचा तुकडा मशीनला दिला. पातं नावावरून फिरलं आणि थांबलं. सोललं तर अखंड सृष्टी हातात आली. काकांनी पुतणीकडे असं पाहिलं, की जणू तिनेच सोनं काढून दिलं. काचेवर नाव चढलं, गोटीरामने आईला फोन केला.

"आता जुनी फाइल साफ करा," तृप्ती म्हणाली. "नको असेल ते डिलीट करायचं. झाकायचं नाही."

काकांनी सगळं निवडलं आणि डिलीटवर बोट नेलं.

"थांबा, थांबा!" चावी घेऊन निघालेला गोटीराम दारातून परत आला. "ती गुतागुत पुसू नका. टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर मोठी करून लावा. नाव वाचायला येत नाय, पण नक्षी लय भारी हाय! आख्ख्या पिंपळगावात कुणाकडं नसंल."

काकांनी तृप्तीकडे पाहिलं. तृप्ती पडद्यावरच्या नक्षीकडे बघत म्हणाली, "एवढी मोठी केली की चुरा नाही व्हायचा. काका, दुसऱ्या रंगाचा नवीन रोल लावा."